मरून ठिपका

मशीन उलटं केलं, मागचे चार स्क्रू सोडवायला घेतले आणि तिसऱ्या स्क्रूवर मेघनाला स्वतःचाच ठिपका दिसला. मरून रंगाचा, टाचणीच्या माथ्याएवढा. आधी वाटलं गंज असेल. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, नखाने खरवडलं, तर नखाखाली नेलपॉलिशची पापडी आली. मानपाड्याच्या त्या गाळ्यात दुपारी पंखा गरम हवाच गोल फिरवत होता, शेजारच्या गाळ्यात कुणीतरी पत्रा कापत होतं, आणि पलीकडच्या टेबलावर समृद्धी, तेवीस वर्षांची पोरगी, तोंडाला रुमाल बांधून कॅल्क्युलेटरच्या कव्हरांवर पीच रंग मारत होती. "काय झालं काकू, करंट बसला काय?" तिने विचारलं. "सेलवर चालतं हे. करंट कुठला बसतोय," मेघना म्हणाली. म्हणाली खरी, पण हातातला स्क्रूड्रायव्हर तिने खाली ठेवला. समोर खोक्यात तशी चारशे मशीनं होती. कल्याणच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर ती सापडली होती, न विकलेली, मूळच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत, आणि प्रत्येक डब्यावर बारीक कंबरेची एक बाई ओठ दाबून हसत होती. खाली नाव होतं, सुहासिनी. चारशेतली किती आपली असतील? शंभर? टेस्टिंगला चौघी होतो. चौघींचे चार रंग. मरून माझा.

ठिपक्याची भानगड अशी होती. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्या काळी एक कॅल्क्युलेटरची कंपनी होती, आता तिच्या जागी काचेची इमारत आहे आणि खाली आत पाऊल टाकता येणार नाही असला पहारा आहे. दहावी झाल्या झाल्या मेघना तिथे लागली. दहावीला तिला गणितात दीडशेपैकी एकशे एकेचाळीस होते, पण घरात एकीच्याच शिक्षणाची ऐपत होती आणि ती पाळी थोरल्या चित्राची होती. चित्रा डी.एड. करत होती. तर मेघना टेस्टिंगच्या टेबलावर बसली. मशीन लाकडी खाच्यात ठेवायचं, आठ आठ दाबून आकड्याचे सगळे दांडे पेटतात का बघायचं, ठरलेल्या बारा बेरजा-गुणाकार करायचे, उत्तरं बरोबर आली की मागचं कव्हर बसवून तिसऱ्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. ठिपक्याने स्क्रू सैल होत नाही आणि मशीन परत आलं तर कुठल्या पोरीने पास केलं ते कळतं. कंपनीने नेलपॉलिशच्या बाटल्या ठाण्याच्या बाजारातून आणल्या होत्या. गुलाबी, लाल, केशरी, मरून. घरी नखाला रंग लावला असता तर आईने, भीमाबाईने, बोटं मोडली असती. इथे दिवसाला दोनशे ठिपके लावायची मुभा होती. मेघनाला त्या वासाची चटक लागली होती, हे ती कुणाला सांगत नसे. आत्ताही, पस्तीस वर्षांनंतर, नखाखालची ती कोरडी पापडी तिने नाकाशी नेली. वास नव्हता. वास कधीच उडून गेला होता आणि ठिपका मात्र जागच्या जागी.

कोऱ्या नजरेने तिने मशीन सरळ केलं. झाकण उघडलं. आत वर आडवा आरसा, खाली बटणं. आरशात तिचं तोंड अर्धंच मावलं, कपाळ आणि चष्मा. नकळत तिने ते डाव्या हातात घेतलं, जसं कुणीही घेईल, चार बोटं पाठीला आणि अंगठा वर, आरशाच्या कडेवर. आणि अंगठा तिने विस्तवाला लागल्यासारखा उचलला.

हे सुहासिनी म्हणजे काय होतं? कंपनीचं जुनंच मशीन होतं, काळं, पुरुषांच्या खिशात बसणारं. ते खपेना झालं तेव्हा वरच्या कुणीतरी टाय लावलेल्या माणसाला वाटलं की बायका राहिल्यात. बायकांना काय लागतं? रंग लागतो, झाकण लागतं, आरसा लागतो. काय लागत नाही? वरची रांग लागत नाही. वरच्या रांगेत वर्गमूळ होतं, टक्का होता, मेमरी होती आणि डाव्या टोकाला शेवटचा आकडा पुसायचं बटण होतं. ती रांग काढून टाका आणि तिथे आरसा चिकटवा. पण काढून टाका म्हणजे खरोखर काढायची नाही, नवा साचा कोण करणार, पैसे पडतात. बटणांच्या टोप्या तेवढ्या काढल्या. खालचं रबर तसंच, रबराखालचे काळे टिकले तसेच, टिकल्यांखालच्या तारा तशाच जिवंत. त्यावर आरसा. बाईच्या डोक्यातलं जे जे म्हणून झाकलं जातं ते असंच झाकलं जातं, फुकटात आणि घाईत, हे मेघनाला तेव्हा कळत नव्हतं. अठरा वर्षांची होती. तिला आरसा आवडला होता.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी बस यायला वेळ होता म्हणून तिने एक मशीन हातात घेऊन उगाच आकडे मिळवले. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचे नंबर. तोंडी ती आधीच मिळवत असायची, तो तिचा खेळ होता. बेरीज चुकली. पुन्हा केली, बरोबर आली. पुन्हा केली, चुकली. मग तिने खाली मान घालून नुसतं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. अंगठा आरशावर रेलला की खालचं रबर दबत होतं आणि नुकताच टाकलेला आकडा गुपचूप पुसला जात होता. काचेवर क्षणभर शून्य, पुढचं बटण दाबलं की पुन्हा बेरीज, कमी पडलेली. भरभर करणाऱ्याला दिसायचंही नाही. टेबलावरच्या लाकडी खाच्यात ठेवून बाराच्या बारा बेरजा बरोबर येत होत्या, कारण खाच्याला अंगठा नसतो.

दुसऱ्या दिवशी ती सुपरवायझरकडे गेली. त्याला सगळे भाऊ म्हणत. वाईट माणूस नव्हता, पोरींना घरी जायला उशीर होऊ देत नसे. त्याने मशीन हातात घेतलं, अंगठा आरशावर दाबला, सोडला, दाबला. मग हसला. "अगं मेघना, बाई ह्यात तोंड बघणार. लिपस्टिक ठीक करणार. बेरीज करायला तिच्याकडे नवरा आहे ना?" "आणि नवरा नसला तर भाऊ?" "तर मग लिपस्टिक कशाला लावेल?" आजूबाजूच्या पोरी खुदखुदल्या. मेघनापण हसली. हे तिला अजून आठवतं आणि ह्याचीच तिला जास्त चीड येते. तो बोलला ते एक वेळ सोडून देता येतं. आपण हसलो. हसून टेबलावर येऊन बसलो आणि बाटलीत काडी बुडवली. त्या दिवशी दोनशे अकरा ठिपके लावले.

पुढे एका दुपारी, खोकं बरंचसं रिकामं झालेलं असताना, समृद्धी म्हणाली, "काकू, मॅम आल्या." कृतिका आली म्हणजे गाळ्याचा वास बदलायचा. एकोणतीस वर्षांची, घोडबंदर रोडला ऑफिस, पायात पांढरे बूट आणि त्या बुटांना मानपाड्याची धूळ लागू नये म्हणून चवड्यांवर चालणं. मनाने साफ होती. मेघनाला तिनेच शोधून काढलं होतं, डोंबिवलीजवळ कोपरला घरी बसून लोकांचे रिमोट आणि ट्रिमर दुरुस्त करणारी बाई म्हणून. जुनी मशीनं चालू करायची, गंजलेल्या पट्ट्या बदलायच्या, नवं पीच कव्हर चढवायचं, बरोबरच्या चिन्हाच्या बटणावर सोनेरी टिकली, आणि आरसा जुना काढून नवा, मोठा. ब्रँडचं नाव टिकली. जाहिरातीत लिहिलं होतं, व्हिंटेज, रिस्टोअर्ड, फॉर हर.

"कृतिका, एक सांगायचं होतं," मेघना म्हणाली. ह्या वेळी तिने पहिल्याच दिवशी सांगायचं ठरवलं होतं आणि आज पंचविसावा दिवस होता. तिने मशीन कृतिकाच्या डाव्या हातात दिलं. सत्तेचाळीस अधिक अडतीस करायला लावलं. अंगठा आरशावर. उत्तर सत्तेचाळीस. "ओह," कृतिका म्हणाली. अंगठा उचलून पुन्हा केलं. पंच्याऐंशी. "ओह, इंटरेस्टिंग." "आरशाखालची रांग जिवंत आहे. नवा आरसा मोठा आहे, आणखी जास्त दाबतो. रबर कापून काढावं लागेल, एकेकाला दहा मिनिटं जातील." कृतिकाने केस मागे सारले. "काकू, पण कोण करणार आहे यावर बेरीज? फोन आहे ना सगळ्यांकडे. हे पर्समध्ये ठेवायला आहे, बाहेर काढलं की लोक विचारतात, फोटो काढतात. इट्स अ वाइब. तुम्ही नका ना एवढं डोक्याला लावून घेऊ." मेघना हसली नाही. एवढंच काय ते पस्तीस वर्षांत शिकली होती, हसायचं नाही. पण रबर कापायला घेतलं का? नाही घेतलं. कृतिकाला मग ठिपका दिसला, मेघनाने सवयीने नव्या स्क्रूंवरही लावलेला, आणि ती लहान पोरीसारखी ओरडली, "हे काय आहे? तुमची सही? ओ माय गॉड, काकू, हे किती क्यूट आहे! हे आपण रीलमध्ये घेऊ."

रील म्हणजे मेघनाने कॅमेऱ्यासमोर बसायचं, मशीन हातात धरायचं आणि एक वाक्य बोलायचं. वाक्य लिहून आणलं होतं. शाळेत मला गणिताची खूप भीती वाटायची, पण ही माझी मैत्रीण हातात आली आणि भीती पळाली. मेघनाने ते वाचलं. "मला नव्हती वाटत भीती." "हो काकू, पण ऑडियन्सला वाटते ना. रिलेट व्हायला पाहिजे." "मला एकशे एकेचाळीस होते." "कशात?" "गणितात. दीडशेपैकी." कृतिकाने मान तिरकी करून तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, जसं चालता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात. मग म्हणाली, "वॉव. पण वाक्य हेच ठेवू या हं."

ते वाक्य खरं कुणाचं आहे हे मेघनाला माहीत होतं. म्हणून ते तिच्या तोंडून निघेना. दोनदा अडखळली. समृद्धी कॅमेऱ्यामागून म्हणाली, "काकू बिनधास्त बोलून टाका, दोन सेकंदांचं काम आहे." दोन सेकंदांचंच काम असतं. काडी बुडवायची, ठिपका लावायचा.

त्या दिवाळीला कंपनीने कामगारांना एकेक सुहासिनी दिलं. मेघनाने ते घरी आणलं आणि चित्राच्या हातात ठेवलं. चित्रा तेव्हा डोंबिवलीतल्या एका खासगी शाळेत नुकतीच लागली होती, अजून कायम व्हायची होती. घराण्यातली पहिली मास्तरीण. कोपरच्या चाळीतली ती खोली मेघनाला आजही वस्तू वस्तूंनी दिसते, कारण त्या खोलीतली एकही वस्तू धड नव्हती. बाप, कुंडलिक, प्लास्टिकच्या कारखान्यात हेल्पर होता आणि कारखान्यात जे बाद होई ते घरी येई. एका बाजूला चेपलेली बादली, झाकण न बसणारे डबे, दोन रंग मिसळलेला मग. पाव्हणे आले की आई चेपलेली बाजू भिंतीकडे करायची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याची चौकट तेवढी विकत आणलेली, नवी. आणि आता हे दुसरं, नवंकोरं, डब्यातलं, कंपनीचं कागद असलेलं. चित्राने झाकण उघडलं, स्वतःला बघितलं आणि मोठ्याने हसली. बापाने ते हातात घेतलं, सदऱ्याला हात पुसून घेतलं, आणि म्हणाला, "हे बाद झालेलं नाही ना गं?" मेघना म्हणाली, "नाही अण्णा. मीच पास केलंय." आणि बोलायचं होतं ते राहिलं. टेबलावर ठेवून वापर, हातात धरू नको, अंगठा आरशावर ठेवू नको. तीन छोटी वाक्यं. घरात टेबल नव्हतं, ही गोष्ट वेगळी. उद्या सांगू म्हणाली. उद्या चित्राने ते फुलं भरलेल्या रुमालात गुंडाळून शाळेत नेलं.

एप्रिलमध्ये बासष्ट मुलांचे निकाल चित्राने पायरीवर बसून लावले, पाटी मांडीवर, मशीन डाव्या हातात. सातवीचा वर्ग. एका विषयात गेलेला चालायचा, पण एकूण सहाशेपैकी दोनशे चाळीस हवेत असा शाळेचा नियम होता. बाजूच्या गावठाणातली नयन नावाची मुलगी होती, आगरी समाजातली, पूर्वी मिठागरात राबलेल्या घरातली, सात भावंडांत शाळेत टिकलेली एकटी. तिचे दोनशे एकोणचाळीस झाले. एक मार्क कमी. चित्राने तो मार्क वाढवला नाही. वाढवला असता तर कुणी बघितलं नसतं, बाकीच्या बाया सर्रास वाढवत. पण चित्राला माहीत होतं की आपल्याकडे बघितलं जातं. कायम व्हायचं होतं, आडनावावरून आधीच कुजबुज होती, कुणाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही. नियम म्हणजे नियम. निकाल लागला, नयनच्या बापाने तिची शाळा बंद केली. जूनमध्ये कुणीतरी उत्तरपत्रिका काढून पुन्हा बेरजा केल्या, बासष्टपैकी अकरा चुकलेल्या निघाल्या. बाकीच्या दहांना फरक पडला नाही. नयनचे दोनशे अडुसष्ट होते. हेडमास्तरांनी चित्राला केबिनमध्ये उभं ठेवून सांगितलं, "बाई, तुमच्या लोकांचं अक्षर छान असतं. पण आकडेमोडीला डोकं लागतं, आणि त्यातून बाईमाणूस." एका वाक्यात दोन लाथा. चित्राला काढलं. जाण्याआधी ती सुधारलेला निकाल घेऊन गावठाणात गेली होती, मेघना तिच्यासोबत होती. नयनची आजी, आवडाबाई, ओट्यावर सुकट निवडत होती. तिने कागद हातातही घेतला नाही. "बाय गो, आता काय करू कागदाचा? पोरीचं मनच उडालं. म्हंते माझे डोक्यान कायच नाय. तिचा बापूस म्हंतो तेच खरा." आतून नयन बाहेर आली नाही. दारामागे तिच्या पायाची बोटं दिसत होती.

परत येताना मेघना बोलणार होती. रस्ता लांब होता, खाडीकडचा वारा होता, दोघीच होत्या. पण तिच्या पगारावर चूल होती आणि भाऊच्या कानावर गेलं असतं तर. हे ती स्वतःला सांगत आली. खरं कारण त्याहून हलकं होतं. चित्राने त्या दिवशी वाटेत विचारलं, "मेघे, माझं डोकं लहानपणापासून असंच आहे का गं? तुला तर सगळं तोंडी येतं." आणि मेघनाला, लाज वाटण्याआधी, अर्धा क्षण बरं वाटलं होतं. ज्या बहिणीसाठी आपली शाळा सुटली ती आपल्याला हे विचारते आहे. अर्धाच क्षण. पण तो नंतर कधी संपला नाही. अण्णा गेले, आई गेली, चित्राचं लग्न होऊन ती आंबिवलीला गेली, तिचा नवरा गेला, आणि तो अर्धा क्षण मेघनाच्या पोटात तसाच, ठिपक्यासारखा.

चित्राने पुन्हा कधी शिकवलं नाही. पुन्हा कधी बेरीज केली नाही म्हटलं तरी चालेल. भाजीवाल्याला नोट देते आणि तो देईल ते घेते. आणि मोजते, सतत मोजते, सगळं दोनदा. कपडे वाळत घालताना चिमटे, पोळ्या, गोळ्या, जिन्याच्या पायऱ्या. मेघना तिच्याकडे गेली की चहाचं पाणी कपाने मापून पातेल्यात ओतते, एक, दोन, म्हणते, मग ते पाणी पुन्हा कपात काढून बघते, एक, दोन, आणि तेव्हा कुठे गॅस पेटवते. दोन कप पाणी. आधी मेघनाला हसू यायचं, मग राग यायला लागला, मग ती स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायला लागली.

कॅमेऱ्यासमोर तिसऱ्या वेळेला मेघनाने ते वाक्य बोलून टाकलं. हसूनसुद्धा दाखवलं. कृतिकाने टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांत ते पन्नास हजारांनी पाहिलं, समृद्धी म्हणाली, "काकू, तुम्ही व्हायरल!" आणि शनिवारी चित्राचा फोन आला. "खालच्या बाईने दाखवलं मला. तू छान दिसतेस गं." मग आवाज लहान करून, "मला वाटायचं मीच तेवढी. तुलापण भीती वाटायची हे कधी बोलली नाहीस. बरं वाटलं बघ मला." मेघनाने फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडे चित्रा खरंच खूश होती. खोटं तिला किती स्वस्तात पुरलं होतं. हे असंच राहू द्यावं, असं मेघनाला रात्रभर वाटत होतं, आणि रविवारी सकाळी तिने बाजूला ठेवलेलं, मरून ठिपक्याचं ते पहिलं मशीन पिशवीत टाकलं आणि आंबिवलीला गेली.

चित्राच्या खोलीत दोन खुर्च्या, एक पलंग, आणि तोच फोटो, तीच चौकट. मशीन पाहून चित्रा मागे सरकली. साप बघावा तशी नव्हे, वर्गात अचानक नाव पुकारलं की पोर सरकतं तशी. "हे कशाला आणलंस?" "हातात घे. तेव्हा घ्यायचीस तसं." "मला नको." "चित्राताई, घे." ताई ती एरवी म्हणत नसे. चित्राने घेतलं. झाकण उघडलं. चार बोटं पाठीला आणि अंगठा, कुणी न सांगता, वर आरशाच्या डाव्या कडेला. पस्तीस वर्षांत तो अंगठा काही विसरला नव्हता. "बेरीज कर." "कसली?" "कसलीही." चित्राने डोळे मिटले आणि आकडे बोलू लागली. "मराठी बावन्न. हिंदी सत्तेचाळीस. इंग्रजी अडतीस. गणित एकोणतीस. विज्ञान चव्वेचाळीस. इतिहास-भूगोल अठ्ठावन्न." पाढ्यासारखं म्हणाली. किती हजार वेळा म्हटलं असेल. बोलता बोलता बटणं दाबत होती आणि अंगठा मधूनच रेलत होता, सुटत होता. काचेवर आकडा आला. दोनशे तीस. चित्राने तो मान खाली घालून स्वीकारला. "बघ," ती म्हणाली, "अजूनही चुकतेच."

"तू नाही चुकत. अंगठा काढ." मेघनाने तिचा अंगठा धरून बाजूला केला, बाकीचं सगळं तिच्याकडूनच करवलं. दोनशे अडुसष्ट. पुन्हा अंगठा. पुन्हा चूक. मग पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून तिने आरसा उचकटला आणि खालची ती रबराची रांग दाखवली, डाव्या टोकाचा काळा टिकला दाखवला. चित्राने तो टिकला बोटाने दाबून पाहिला. शेवटी म्हणाली, "म्हणजे कंपनीची चूक." इथे थांबता आलं असतं. चित्राने स्वतःच दार उघडून दिलं होतं, त्यातून बाहेर पडायचं आणि घरी जायचं. "मला माहीत होतं," मेघना म्हणाली. "दिवाळीच्या आधीपासून. मी भाऊला सांगितलं, तो हसला, मीपण हसले. आणि तुझं मशीनही मीच पास केलं होतं. तुला दिलं तेव्हा मला माहीत होतं. हेडमास्तर बोलला तेव्हा माहीत होतं. आवडाबाईच्या ओट्यावर माहीत होतं."

चित्रा रडली नाही. तिने मशीन मांडीवर पालथं ठेवलं. खाली कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, चालू होत नव्हती. "मी तो एक मार्क दिला नाही," चित्रा म्हणाली. "त्याचं काय?" तिने मांडीवरचं मशीन दाबून धरलं. "एकोणतीस," चित्रा म्हणाली, "गणिताचेच गेले. तिला वाटलं असेल गणितातच शून्य आहे आपण." मग तिने मान वर केली आणि पहिल्यांदा बहिणीकडे नीट पाहिलं, मास्तरणीसारखं. "व्हिडिओत तू बोललीस ते?" "खोटं होतं. लिहून दिलेलं." "म्हणजे तुला भीती नव्हती वाटत." "नाही." "मला वाटते तशी कुणालाच नव्हती वाटत." चित्राने मशीनवर बोट फिरवलं, तिसऱ्या स्क्रूवर येऊन थांबलं. "हा तुझा?" "हो." "आत्ता त्या पोरीच्या गाळ्यात किती मशीनं केलीस?" "तीनशे बारा." "आरसा लावून?" "हो." "खालचं रबर कापलंस?" मेघनाला पंखा हवा होता, पाणी हवं होतं. "नाही." "विकली गेली?" "अर्धी गेली." "ठिपका लावलास?" "सवय आहे." "कुठला?"

"मरून," मेघना म्हणाली.

चित्रा उठली. मशीन तिने मेघनाच्या पिशवीत स्वतःच्या हाताने ठेवलं, आरसा वेगळा, कागदात गुंडाळून, बोट कापू नये म्हणून. मग स्वयंपाकघरात गेली. पातेलं फळीवरून काढल्याचा आवाज आला, नळ सुटला, कप भरला. मेघना सवयीने पाठ करून बसली होती. वळावंसं वाटलं, वळली नाही. पाणी पातेल्यात पडलं.

"एक," चित्रा म्हणाली. दुसरा कप न भरता नळ बंद केला, आणि पुन्हा न मोजता गॅस पेटवला.